बर्फाळ रान, फरार माणूस आणि उसनं नाव: साहसी प्रेमकादंबरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या उत्तरेकडचं रान, घोडेस्वार पोलीस, एक फरार माणूस, दुसऱ्याच्या नावानं जगणारा कुणीतरी आणि त्याच्यावर जीव जडलेली स्त्री. अशा कादंबऱ्या आवडीनं वाचणाऱ्यांचे आणि आता मराठीत लिहू पाहणाऱ्यांचे प्रश्न सतत येत असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथं क्रमांक दिला आहे.

१. साहस आहे, प्रेम आहे, पोलीस आहेत. मग ही साधी रहस्यकथाच नाही का?

नाही. रहस्यकथेत गुन्हेगार कोण, हे वाचकाला ठाऊक नसतं. इथं बहुतेक वेळा पहिल्या काही प्रकरणांतच कळतं, की हा माणूस ज्या नावानं वावरतोय तो तो नव्हेच. त्याचं पितळ कधी उघडं पडणार आणि तोपर्यंत तो स्वतः काय होऊन बसणार, याच काळजीनं वाचक पान उलटत राहतो.

रानाचं कामही वेगळं आहे. माणसं एकमेकांपासून शेकडो मैलांवर राहतात, वर्षातून एखाद्या वेळी भेटतात आणि 'हा अमुक' हे सांगायला कागद नसतो, दुसरं माणूसच लागतं. ते सांगणारं माणूस वाटेत मेलं, तर जिवंत उरलेल्याच्या शब्दाखेरीज काहीच हाती राहत नाही. सगळे प्रसंग उचलून शहरात नेले तरी ज्या कथेचं काही बिघडत नाही, ती कथा मी या प्रकारात धरत नाही.

२. कथानकासाठी काळ कोणता घ्यावा?

ढोबळमानानं १८७३ ते १९३२. कॅनडाच्या संसदेनं १८७३ मध्ये 'नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलीस' हे दल उभारायला मंजुरी दिली आणि १८७४ च्या उन्हाळ्यात मॅनिटोबातून त्याची मोठी तुकडी पश्चिमेकडे निघाली. १९०४ मध्ये नावामागे 'रॉयल' लागलं. १९२० मध्ये 'डोमिनियन पोलीस' हे दुसरं दल त्यात मिसळलं आणि 'रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस' हे आजचं नाव आलं. १८९८ मधल्या पात्राच्या तोंडी आजचं नाव घालण्याची चूक हस्तलिखितांत सर्रास दिसते. ती टाळली तरी निम्मा विश्वास कमावता येतो.

ओळखीची अदलाबदल हवी असेल तर वायव्य कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याचा काळ फार उपयोगी आहे. ऑगस्ट १८९६ मध्ये सोनं सापडलं आणि १८९७-९८ मध्ये हजारो अनोळखी माणसं त्या प्रदेशात लोटली. पोलीस घाटमाथ्यावरच अडवून प्रत्येकाजवळ वर्षभराची शिधासामग्री आहे का, ते पाहत. एकूण ओझं साधारण टनभर भरे. सामानाची तपासणी इतकी कडक, पण माणूस आपलं नाव जे सांगेल तेच त्याचं नाव. कादंबरीकाराला याहून चांगलं दार कुठं मिळणार?

माझा कल १८९८ ते १९१० या वर्षांकडे आहे. त्याचं कारण पाचव्या उत्तरात येईल.

३. त्या रानात कायदा चालायचा कसा? न्यायालय होतं का?

होतं, पण दूर होतं आणि विरळ होतं. म्हणून दलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना दंडाधिकाऱ्याचेही अधिकार दिलेले असत. पकडणारा आणि किरकोळ गुन्ह्याची शिक्षा सुनावणारा एकाच ठाण्यात, कधी एकाच गणवेशात. क्लोंडाइकजवळच्या डॉसन शहरात छोट्या गुन्ह्यांसाठी पोलिसांच्या सरपणाच्या ढिगाऱ्यावर लाकडं फोडायला लावत. शिवाय टपाल, जकात, नोंदी ही कामंही दूरच्या ठाण्यांवर बरेचदा पोलीसच करत.

खुनासारखा खटला मात्र न्यायाधीशापुढेच जाई. तिथली एक खास गोष्ट लक्षात ठेवा: नॉर्थ-वेस्ट टेरिटरीज या प्रदेशात ज्युरी बाराची नव्हे, सहा जणांची असे. १८८५ मध्ये रेजायना इथं बंडखोर नेता लुई रिएलवर राजद्रोहाचा खटला चालला, तोही सहा जणांपुढेच. तुमच्या खटल्याच्या प्रसंगात बारा माणसं बसवलीत तर जाणकार वाचक तिथंच थांबेल.

या सगळ्याचा कादंबरीला होणारा फायदा मोठा आहे. कैद्याला न्यायालयापर्यंत न्यायचं म्हणजे कधी कधी आठवडेच्या आठवडे, तेही कुत्र्यांनी ओढायच्या एकाच घसरगाडीवर आणि एकाच शेकोटीशी. पोलीस आणि कैदी दोघंही एकमेकांच्या मदतीवाचून मरतील, अशी अवस्था. बेड्या घातलेला हात लाकडं गोळा करू शकत नाही, म्हणून बेडी काढावी लागते. कायदा आणि माणूसपण यांची गाठ इथं पडते, आणि चांगल्या लेखकानं इथं घाई करू नये.

४. 'माउंटी (म्हणजे हे घोडेस्वार पोलीस) आपला माणूस पकडतोच' हे त्यांचं ब्रीद होतं ना?

अधिकृत ब्रीद नव्हे. त्यांचं ब्रीद फ्रेंच भाषेत आहे आणि त्याचा आशय 'कायदा राखा' असा आहे. माणूस पकडून आणण्याची ख्याती अमेरिकेतल्या मोंटानामधल्या फोर्ट बेंटनच्या एका वृत्तपत्रानं १८७७ मध्ये लिहिली, आणि पुढं कथा-चित्रपटांनी ती वाढवून ठेवली.

हा फरक कथेत वापरण्याजोगा आहे. माणूस पकडणं हे ज्याचं कर्तव्य, तो पकडला की सुटला. पण कायदा राखणं हे ज्याचं कर्तव्य, त्याला पुढचा प्रश्न पडतो: मी पकडलेला माणूस खरोखरच तो आहे का? तुमच्या पोलीस पात्राला हा प्रश्न पडू द्या.

५. एक माणूस दुसऱ्याच्या जागी खपून जातो हे आजच्या वाचकाला पटेल का?

पटेल, पण तुम्हाला त्यासाठी मेहनत घ्यावी लागेल. सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काळाची बाजू. शरीराची मापं घेऊन गुन्हेगार ओळखण्याच्या बर्तियों पद्धतीला कॅनडात १८९८ च्या कायद्यानं मान्यता मिळाली. बोटांचे ठसे १९०८ मध्ये मान्य झाले, आणि ते साठवणारी राष्ट्रीय कचेरी ओटावात १९११ मध्ये सुरू झाली. एडवर्ड फॉस्टर या पोलिसानं १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनात ठशांचं तंत्र पाहिलं आणि ते कॅनडात यावं म्हणून पाठपुरावा केला, त्याचं हे फळ. म्हणजे १९११ आधीच्या दूरच्या ठाण्यावर ओळख पटवायला काय होतं? उंची, डोळ्यांचा रंग, जखमांचे व्रण लिहिलेला एक कागद, क्वचित एखादं छायाचित्र, आणि लोकांची आठवण.

आता शरीराची बाजू. दोन हिवाळे रानात काढलेला माणूस तसाही बदललेला असतो. दाढी, हिमदंशानं काळवंडलेले गाल आणि नाक, उतरलेलं वजन, स्कर्व्हीनं पडलेले दात. 'फार बदललास' असं म्हणून लोक स्वतःच फरकाचं स्पष्टीकरण देऊन टाकतात. पण डोळ्यांचा रंग, उंची, कानांची ठेवण, तुटलेलं बोट, बोलण्याचा हेल आणि हस्ताक्षर बदलत नाही. त्यातलं निदान एक तरी जुळत नाही असं ठेवा, आणि कुणाच्या तरी ते नजरेत येऊ द्या. तंतोतंत सारखे दिसणारे दोघं, हा योगायोग वाचक एकदा माफ करतो. त्यावर दुसरा योगायोग रचू नका.

तिसरी बाजू मनाची, आणि ती सगळ्यात बळकट. माणसं डोळ्यांनी जितकं ओळखतात तितकंच इच्छेनं ओळखतात. हरवलेला मुलगा परत यावा असं ज्या आईला वाटतं, ती कान-नाक तपासत बसत नाही. तुमच्या कथेत फसणाऱ्या प्रत्येकाला फसावंसं का वाटतं, ते आधी ठरवा. ठाण्याच्या प्रमुखाला मोहीम यशस्वी झालेली हवी असते, मित्राला मित्र हवा असतो, आणि नायिकेला एकटं राहायचं नसतं. एवढं पक्कं असेल तर चेहरेपट्टीचं साम्य जुजबी असलं तरी चालतं.

६. प्रत्यक्षात असं कधी घडलंय का?

घडलंय, आणि कल्पनेपेक्षा विचित्र घडलंय.

फ्रान्समधल्या आर्तिगा गावचा मार्टिन गेर घर सोडून गेला. काही वर्षांनी आर्नो द्यु तील नावाचा माणूस 'मीच मार्टिन' म्हणत आला आणि तीन वर्षं त्याच्या बायकोबरोबर राहिला. तुलूजच्या न्यायालयात तो सुटण्याच्या बेतात असतानाच खरा मार्टिन लाकडी पायावर चालत हजर झाला. १५६० मध्ये आर्नोला फाशी झाली.

इंग्लंडच्या टिचबोर्न प्रकरणात समुद्रात बुडालेल्या वारसाच्या नावानं ऑस्ट्रेलियातला एक खाटीक पुढं आला. हरवलेल्या तरुणाच्या आईनं त्याला आपला मुलगा म्हणून स्वीकारलं; पाचव्या उत्तरातली तिसरी बाजू ती हीच. १८७४ मध्ये त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली.

ॲडॉल्फ बेकचं प्रकरण याच्या उलट आहे. त्यानं कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. साक्षीदारांनी त्याला दुसराच भामटा समजून ओळखलं, आणि १८९६ मध्ये निरपराध असताना त्याला तुरुंगात टाकलं. १९०४ मध्ये तो पुन्हा तशाच आरोपात सापडला, तेव्हा सुदैवानं खरा गुन्हेगार पकडला गेला. या अन्यायामुळे इंग्लंडमध्ये १९०७ मध्ये फौजदारी अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय आलं. अनेक स्त्रियांनी शपथेवर 'हाच तो' म्हटलं होतं, आणि त्यातल्या कुणालाही खोटं बोलायचं नव्हतं. तुमच्या कादंबरीतल्या साक्षीदारांना वाईट माणसं करायची गरज नाही, हे या प्रकरणातून घ्या.

७. सगळे फसले तर मग पितळ उघडं पडतं कसं?

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वापरलेला मार्ग म्हणजे कुत्रा. तो वासानं ओळखतो, दाढीनं फसत नाही. पण एक सावधगिरी: घसरगाडीचे कुत्रे हातोहात विकले जात. जो सुकी मासळी घालतो आणि दोर नीट धरतो, त्याच्यासाठी ते ओढतात. म्हणून अख्खा ताफा नव्या माणसावर गुरगुरतो हे खरं वाटत नाही. जुन्या मालकाबरोबर वाढलेला एखादा म्हातारा कुत्रा त्याच्या हातचं खात नाही, एवढंच पुरे.

मला मात्र छोट्या सवयी जास्त भावतात. खरा माणूस बर्फावरच्या जाळीदार बुटांची वादी डाव्या हातानं बांधायचा. खऱ्या माणसाला एक विशिष्ट प्रार्थना पाठ होती. खरा माणूस एका मुलाला काहीतरी कबूल करून गेला होता आणि ते मूल अजून वाट पाहतंय. शेवटचं उदाहरण लिहायला सगळ्यात अवघड, कारण तिथं तोतयाला कुणी पकडत नाही. त्याला दुसऱ्याचं वचन पाळायचं की मोडायचं, हे स्वतः ठरवावं लागतं.

८. रानाचं वर्णन करताना कोणत्या चुका जास्त होतात?

'सहा महिने रात्र' ही पहिली. डॉसन शहर ६४ अक्षांशावर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला आहे. तिथं हिवाळ्यात दिवस अगदी लहान होतो, पण नाहीसा होत नाही.

दुसरी चूक हिमांधत्वाची. डोळे जाळते ती बर्फावरून परावर्तित होणारी ऊन्हाची तिरीप, म्हणून ते मार्च-एप्रिलमधलं दुखणं आहे. डिसेंबरच्या अंधारात नायक हिमांध होऊ शकत नाही. थंडी सांगायला आकडाच हवा असेल तर पाऱ्याची मदत घ्या. उणे ३९ अंश सेल्सियसच्या सुमारास पारा गोठतो, म्हणजे पाऱ्याचा थर्मामीटर त्यापुढे निकामी होतो.

नदीचं बर्फ पक्कं दिसलं तरी वर साचलेल्या बर्फाखाली पाणी वाहून आलेलं असू शकतं. त्यात पाय बुडाला, की कितीही घाई असली तरी थांबून आग करावी लागते. पाठलागाच्या प्रसंगात बंदुकीपेक्षा हे पाणी जास्त भीतिदायक आहे. आणखी एक: नुसत्या सशांच्या चरबीहीन मांसावर माणूस पोटभर खाऊनही खंगत जातो. उपासमारीचं हे रूप फार कमी लेखक वापरतात.

आणि उन्हाळा विसरू नका. डास इतके असतात, की माणसं आणि जनावरं हैराण होतात. मे महिन्यात युकॉन नदीचं बर्फ फुटतं तेव्हा आख्खं शहर काठावर येतं. ज्याला नावेनं पळायचंय, त्याचं सगळं वेळापत्रक त्या एका दिवसावर अवलंबून असतं.

९. माझ्या नायकाच्या हातून खून झालाय. तो बरीच वर्षं पळाला तर गुन्ह्याची मुदत संपते का?

संपत नाही. खुनाला मुदत नाही. वीस वर्षांनीही खटला उभा राहतो. कॅनडाची पहिली फौजदारी संहिता १८९२ मध्ये मंजूर झाली आणि जुलै १८९३ पासून लागू झाली. खून सिद्ध झाला तर न्यायाधीशाला फाशीच सुनवावी लागे; ती कमी करण्याचा अधिकार सरकारकडे होता, न्यायाधीशाकडे नाही.

पण प्रत्येक मृत्यू म्हणजे खून नव्हे. स्वसंरक्षण सिद्ध झालं तर सुटका होते. अचानक आणि गंभीर चिथावणीनं भान सुटून घडलेल्या कृत्याला सदोष मनुष्यवधाची, म्हणजे कमी शिक्षा होऊ शकते. मग नायक पळाला का? याचं पटणारं उत्तर कादंबरीत असायलाच हवं. साक्षीदार विकला गेला होता, मेलेला माणूस वजनदार होता, किंवा तो दुसऱ्या कुणाला वाचवत होता. 'घाबरला' एवढं पुरत नाही, कारण पुढं साडेतीनशे पानं आपण त्याला शूर म्हणून पाहणार असतो.

मरणाऱ्या खलनायकानं शेवटच्या प्रकरणात कबुली द्यायची आणि सगळं निवळायचं, हा शेवट मला फसवणुकीसारखा वाटतो. ज्याच्यामुळे नायक निर्दोष ठरणार तो पुरावा आधीपासून कथेत पडलेला असू द्या.

१०. दुसऱ्याचं नाव घेऊन राहणं हाच मुळी गुन्हा आहे का?

नुसतं नाव बदलून राहणं, नाही. सोन्याच्या प्रदेशात कित्येक जण मागचं नाव मागं टाकून आले होते. पण त्या नावावर मालमत्ता घेतली, पगार उचलला, वारसा सांगितला, की तो फसवणुकीचा गुन्हा. फरार माणूस मेलेल्या पोलिसाचा गणवेश चढवून ठाण्यावर आला, तर पहिल्या महिन्याचा पगार घेताक्षणी तो दुसऱ्या गुन्ह्यात शिरतो, हे लक्षात असू द्या. पहिल्या गुन्ह्यातून तो निर्दोष सुटला तरी हा दुसरा शिल्लक राहतो. बऱ्याच कादंबऱ्या शेवटी याला सोयीस्करपणे विसरतात. विसरू नका, त्यातून फार सुंदर शेवट निघू शकतो.

११. नायिकेला सत्य कधी कळावं? आणि ती त्याला माफ कशी करणार?

माझं मत ठाम आहे: सत्य त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं, कायद्याला कळण्याआधी सांगावं, आणि सांगितल्यानं त्याचं नुकसान होणार असेल अशा वेळी सांगावं. पोलिसांनी दारावर थाप मारल्यावर दिलेली कबुली ही कबुलीच नव्हे.

नाव परक्या माणसाचं असेल तर फसवणूक एकपदरी राहते. पण तो जर तिच्या भावाच्या, नवऱ्याच्या किंवा वाग्दत्त वराच्या नावानं आला असेल, तर त्यानं एक फार मोठी गोष्ट तिच्यापासून चोरली आहे: तिच्या माणसाचा मृत्यू. ती हसतेय, त्याच्यासाठी लोकर विणतेय, आणि तिचं माणूस कुठंतरी गोठलेल्या जमिनीवर दगडांखाली आहे. तिला रडताही आलेलं नाही. सत्य कळल्यावर तिचा पहिला प्रश्न 'तू कोण?' असा नसतो. 'तो कुठं आहे?' हा असतो. हे ज्या लेखकाला कळलं, त्याची नायिका जिवंत होते.

म्हणून माफीआधी शोकाला जागा द्या. एक प्रकरण, दोन प्रकरणं, जितकी लागतील तितकी. तिला त्या थडग्यापर्यंत प्रवास करू द्या, आणि वाट दाखवायला तोच असू द्या. वाटेत त्यांनी न बोललेलंही चालेल. ती त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवते की नाही, ते त्या प्रवासात ठरू द्या.

आणखी एक रेषा ओलांडू नये असं मला वाटतं. तो कोण आहे हे तिला ठाऊक नसताना शरीरसंबंध झाला, तर पुढची कथा प्रेमकथा राहत नाही. तिनं होकार दुसऱ्याच माणसाला दिलेला असतो. आर्नो द्यु तीलच्या प्रकरणात (उत्तर ६) त्या बायकोचं काय झालं असेल याचा विचार केला तर हे पटेल.

नायिका आंधळी नसावी. तिला शंका येऊ द्या, तिच्या परीनं तपास करू द्या. तिला आधीच कळलंय आणि तो कधी सांगतो याची ती वाट पाहतेय, ही रचना मला फार आवडते. तिथं परीक्षा त्याची असते आणि ती घेणारीही तीच.

१२. खोट्या नावानं लग्न झालं तर ते टिकतं का?

इंग्लिश कायद्याच्या परंपरेत, आणि कॅनडाचा कायदा तिथूनच आला, भेद असा आहे: समोर उभ्या असलेल्या याच माणसाशी लग्न करायचं असं तिच्या मनात असेल, तर त्याचं नाव खोटं होतं एवढ्यानं लग्न सहसा मोडत नाही. पण ती त्याला दुसरी विशिष्ट व्यक्ती समजून उभी राहिली असेल, म्हणजे व्यक्तीबद्दलच चूक झाली असेल, तर संमतीच नव्हती असं मानून ते लग्न टिकत नाही. तो श्रीमंत वाटला आणि निघाला कफल्लक, किंवा सज्जन वाटला आणि निघाला फरार, ही व्यक्तीबद्दलची चूक नव्हे. त्यानं लग्न रद्द होत नाही.

म्हणजे नायिकेनं नवख्या माणसावर प्रेम केलं आणि त्याचं फक्त नाव बनावट होतं, तर कायदा त्यांना नवरा-बायको मानेल. ती आपल्या हरवलेल्या वाग्दत्त वराशीच लग्न करतेय अशा समजुतीत असेल, तर नाही.

१३. नवरा रानात बेपत्ता आहे. नायिका दुसरं लग्न करू शकते का?

जोडीदार सलग सात वर्षं दूर आहे आणि या काळात तो हयात असल्याचं तिला ठाऊक नाही, अशा स्थितीत दुसरं लग्न केलं तर द्विविवाहाचा गुन्हा लागत नाही. इथं एक खोच आहे: गुन्हा लागला नाही तरी पहिला नवरा जिवंत परतला, तर दुसरं लग्न मुळातच झालेलं नव्हतं असं ठरतं. ती तुरुंगात जात नाही, पण बायकोही राहत नाही. आठव्या वर्षी दारात उभा राहिलेला माणूस खरा नवरा आहे की तोतया, यावर तिचं सगळं आयुष्य लटकलेलं आहे. इतकं तयार कथानक कायद्यानंच हाती दिलं असताना ते फार कमी जणांनी वापरलंय.

१४. तिथले मूळ रहिवासी कथेत कसे आणावेत?

नावानं, आणि त्यांच्या जाणतेपणासह. क्री, डेने, ग्विचिन, इनुइट, मेटी ही वेगवेगळी माणसं आहेत; त्यांची भाषा, प्रदेश, जगण्याची रीत वेगळी आहे. जुन्या कादंबऱ्यांनी त्यांना एकतर मुका वाटाड्या केलं किंवा खलनायक, आणि ते अन्यायाचं होतं.

इतिहासच वेगळं सांगतो. डिसेंबर १९१० मध्ये इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेराल्ड तीन साथीदारांसह फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाले. सोबतच्या ग्विचिन वाटाड्याला त्यांनी वाटेतच परत पाठवलं. पुढचा ओढा सापडला नाही, मागं फिरायला उशीर झाला, कुत्रे मारून खावे लागले आणि चौघंही मेले. मार्च १९११ मध्ये त्यांचे देह शोधणाऱ्या विल्यम डेम्प्स्टर यांच्या तुकडीत चार्ली स्ट्युअर्ट हा ग्विचिन वाटाड्या होता. रान कुणाला वाचतं आणि कुणाला येत नाही, हे यातून दिसतं.

कायद्याच्या बाजूनंही विचार करा. १९१३ मध्ये सिनिसियाक आणि उलुक्सुक या दोन इनुइट पुरुषांच्या हातून दोन धर्मोपदेशक मारले गेले. त्यांना शोधून आणायला पोलिसांना दोन वर्षांहून अधिक काळ लागला, आणि १९१७ मध्ये एडमंटन आणि कॅलगरीत खटले चालले. पहिल्यात सिनिसियाक सुटला. दुसऱ्यात दोघं दोषी ठरले, पण फाशी रद्द होऊन पुढं १९१९ मध्ये त्यांना सोडण्यात आलं. ज्या कायद्याचं नावही ऐकलं नव्हतं त्याच्यापुढं ते उभे होते. तुमच्या कादंबरीतला कायदा कुणाचा आहे, हा प्रश्न निदान एका पात्रानं विचारलाच पाहिजे.

१५. तोतया स्त्री असू शकते का? आणि कथा १८७३ च्या आधीची असेल तर?

दोन्हींचं उत्तर एकाच खऱ्या आयुष्यात आहे. ऑर्कनी बेटांवरची इसोबेल गन १८०६ मध्ये 'जॉन फबिस्टर' या नावानं, पुरुषवेषात हडसन बे कंपनी या फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या नोकरीत लागली आणि रानात पुरुषांच्या बरोबरीनं राबली. डिसेंबर १८०७ मध्ये तिला मूल झालं, तेव्हाच सर्वांना कळलं.

त्या काळात तिथं पोलीस दल नव्हतं. मोठ्या प्रदेशावर १६७० मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीची सत्ता होती आणि तो प्रदेश कॅनडाकडे आला १८७० मध्ये. म्हणून अशा कथेत कायद्याची भूमिका कंपनीच्या अधिकाऱ्याकडे जाते, आणि तो मालकही असतो. पाठलागापेक्षा एकाच तळावरच्या कोंडलेल्या हिवाळ्याला हा काळ जास्त साजतो.

१६. शेवटपर्यंत त्या माणसाची खरी ओळख कळलीच नाही, तर चालेल का?

चालेल, फक्त मग प्रेमकथेचा भार वेगळ्या ठिकाणी ठेवावा लागेल.

१९३१ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या रॅट नदीकाठी एक एकांडा माणूस येऊन राहिला. लोक त्याला अल्बर्ट जॉन्सन म्हणत. तो दुसऱ्यांच्या सापळ्यांत ढवळाढवळ करतो, अशा तक्रारीवरून पोलीस त्याच्या झोपडीशी गेले, तर त्यानं दार उघडलं नाही. कॉन्स्टेबल किंग झडतीचं वॉरंट आणायला अक्लाविकच्या ठाण्याला परत गेला आणि पुन्हा आला, तेव्हा आतून गोळी आली. एवढ्याशा झोपडीसाठीही कागद लागतो, हे पाळणाऱ्या पोलिसाला त्याची किंमत मोजावी लागली. तो जखमी झाला, पण वाचला. मग आठवडेच्या आठवडे पाठलाग चालला. एडगर मिलेन हा पोलीस मारला गेला, शोधाला विमान लावलं गेलं आणि १७ फेब्रुवारी १९३२ रोजी ईगल नदीवर तो माणूस ठार झाला. त्याच्याजवळ दोन हजारांहून जास्त डॉलर होते, पण तो कोण हे सांगणारा एकही कागद नव्हता. २००७ मध्ये डीएनएसाठी त्याचं थडगं उकरलं गेलं, आणि ज्यांच्या घरचा तो असावा असा दावा होता, त्यातल्या अनेक कुटुंबांशी तो जुळला नाही.

अशा माणसाची प्रेमकथा लिहायची तर ती त्याच्या बाजूनं लिहिता येणार नाही, कारण त्याच्या मनात शिरलात की गूढ संपलं. ती लिहा त्या स्त्रीच्या बाजूनं, जी वर्तमानपत्रातला मृत चेहरा पाहते आणि दूरवरच्या ठाण्याला पत्र पाठवते, की हा बहुतेक माझा आहे. उत्तर येतं: उंची जुळत नाही. ती पुन्हा लिहिते.